घाणीची चिठ्ठी

मला इथं सगळे फिनेल म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण पाठ वळली की 'फिनेल आली, हात धुवा' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. राग येत नाही म्हटलं तर खोटं ठरेल. येतो. पण नाव चुकीचं आहे असंही म्हणवत नाही. केळीची रोपं बाटल्यांत वाढवणाऱ्या या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं पर्यवेक्षक आहे, आणि सव्वीस वर्षं माझं एकच टुमणं चालू आहे: स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, भिंगमावशीबद्दल. मी या गोष्टीत आहे ती चूक करण्यापुरती.

आधी आमचं काम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आपण खातो त्या केळ्यात पेरण्यासारखं बी नसतं. म्हणून बुंध्याशी फुटलेला कोंब खणून काढायचा, सोलत सोलत त्याचा बोटाच्या पेराएवढा गाभा उरवायचा, तो ब्लीचच्या पाण्यात धुवायचा आणि बाटलीत खळीवर बसवायचा. खळ म्हणजे साखर आणि क्षार घालून जेलीसारखं घट्ट केलेलं पाणी. शब्द आमच्या बायकांचा. महिन्याभरात गाभ्याला चार-पाच फुटवे येतात. ते कापून वेगवेगळ्या बाटल्यांत. पुन्हा महिना, पुन्हा कापणी. वर्षात एका कोंबाची हजारभर रोपं होतात. अडचण एकच. खळीत साखर आहे, आणि साखर काय एकट्या केळीलाच आवडते होय? हवेतला, हातावरचा, केसातला एखादा जंतू आत शिरला की बाटलीत कापूस पिंजल्यासारखी बुरशी येते, नाहीतर दुधाळ साय धरते. आमच्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे: घाण. घाण लागलेल्या बाटल्या क्रेटमध्ये भरायच्या आणि वर चिठ्ठी डकवायची. पहिल्या ओळीत 'घाण', दुसऱ्या ओळीत 'हात', आणि पुढे कापणी करणारीचं नाव. मग क्रेट कुकरात. कुकर म्हणजे माणूसभर उंचीचं वाफेचं यंत्र, त्यातून जिवंत काही बाहेर येत नाही. चिठ्ठीची पद्धत मीच सुरू केली होती, आणि मला तिचा फार अभिमान होता.

मावशी आली तेव्हा तिला मी बाटल्या तपासायला बसवलं. बाटली उजेडात धरायची, गोल फिरवायची, ठीक की घाण ते सांगायचं. इतरांना चौथ्या दिवशी दिसायचं ते तिला दुसऱ्या दिवशी दिसायचं. वर म्हणायची, "ही हिरवी बुरशी ना, ही दारातून वारा आत आला त्याची. आणि ही पिवळी, ही कुणीतरी मास्कमधून बोललंय. बरंच बोललंय." की लगेच कोपऱ्यातली एखादी खाली मान घालायची. तिथून तिचं नाव भिंग पडलं. पुढे मी तिला कापणीला घेतलं. हवेच्या कपाटासमोर, म्हणजे गाळलेली हवा अंगावर येते त्या काचेच्या खोक्यासमोर, ती बावीस वर्षं बसली. पातं ज्योतीत धरायचं, निववायचं, कापायचं, बाटलीचं तोंड शेकायचं, झाकायचं. बावीस वर्षांत तिच्या नावाची एकही चिठ्ठी लागली नाही. एकही नाही! मी नव्या बायकांना सांगायचे, "हात बघायचेत ना, तर ते बघा."

घरी नवरा शिंपी, सगळ्यांचा मास्तर. त्याची नजर मंदावली तेव्हापासून ती रोज सकाळी निघण्याआधी त्याच्या वीस सुया ओवून गादीच्या तुकड्यावर टोचून ठेवायची. दहा पांढऱ्या, पाच काळ्या, पाच लाल. दिवसभराची बेगमी. "बायको कामावर जाते, पण डोळे मला ठेवून जाते," असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे.

आमच्या आवारामागे मातृबाग आहे, जिच्यातले कोंब आम्ही घेतो ती. एका वर्षी तिथं मर रोग शिरला. मर ही मातीतली बुरशी. मुळातून आत चढते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. खालची पानं पिवळी पडून बुंध्याला लोंबतात, झाड उभ्या उभ्या वाळतं. फवारून उपयोग नाही, कारण ती बाहेर नसतेच. तिसरी ओळ बघता बघता गेली. ओळीच्या मधोमध मात्र केळीचं एक बेट, एकाच गड्ड्यातून फुटलेल्या झाडांचा झुबका, तसंच उभं राहिलं. दोन्ही बाजूंना मेलेली झाडं, त्याच मातीत याची मुळं, आणि हे आपलं हिरवंगार. आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "याचेच कोंब घ्या. पुढची सगळी रोपं यातून." माझा सगळ्यात भरवशाचा हात मावशीचा, म्हणून मी ते कोंब तिला दिले.

पहिली कापणी उत्तम. दुसरी उत्तम. तिसऱ्या कापणीनंतर आठवड्याने मी मांडणीपाशी गेले आणि एकेक बाटली उचलून बघितली. जवळजवळ प्रत्येक बाटलीत रोपाच्या बुडाशी दुधाळ वलय.

"मावशी, हे काय?"

तिनं बाटली उजेडात धरली आणि कितीतरी वेळ फिरवत राहिली. "बाई, ही घाण वाटत नाही मला."

"मग काय आहे, अत्तर?"

"घाण वरून पडते. खळीवर, काचेला, पानावर, कुठंही. ही बघा, सगळीकडे एकाच जागी आहे. बुडाशी, कापलं तिथं. ही खालून निघालीय. झाडाच्या पोटातनं."

"कापलं तिथं, म्हणजे पात्यावरून आली," मी म्हटलं. "पोटात असती तर पहिल्याच वेळी दिसली असती. दोन कापण्या स्वच्छ आणि तिसरीला घाण, म्हणजे मधे कुणाचा तरी हात लागला. आणि हात तुमचाच होता."

काय चूक होती यात? आजही ऐकायला बरोबरच वाटतं.

नियम असा की लागोपाठ तीन खेपा बिघडल्या की कापणारीचं कपाट सुटतं. पुढची खेपही बिघडली तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला बोलावलं आणि खळीची चपटी काचेची ताटली पुढे केली. "पाची बोटं टेकवा. हातावर काय आहे ते तीन दिवसांत उगवेल." नव्या बायकांना मी ही परीक्षा द्यायला लावायचे, तिला कधीच नाही. तिनं स्पिरिट चोळलं, बोटं टेकवली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमचीपण टेकवा ना, बाई. सोबत."

टेकवली. काय करणार! तिसऱ्या दिवशी तिच्या ताटलीवर काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या अंगठ्याच्या जागी दोन गुबगुबीत पांढरे ठिपके. फिनेलच्या अंगठ्यावर! बायका आठवडाभर भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. माणसाला ओशाळायला होतं तेव्हा तो एक तर नमतो, नाहीतर चवताळतो. मी चवताळले. तिसरी खेप बिघडली त्याच दुपारी क्रेटवर चिठ्ठी डकवली: घाण. हात: भिंगमावशी. आणि तिला बाटल्या धुण्याच्या खोलीत पाठवलं.

नोकरी गेली नव्हती, धुण्याच्या खोलीतही नोकरीच होती. तिला लागली ती चिठ्ठी. ती एवढंच म्हणाली, "बाई, यातल्या अकरा बाटल्या कुकरात घालू नका. ठेवा कुठंतरी." मी म्हटलं, "घाण ठेवायची नसते." ती गेली.

पुढचे आठ महिने मी त्या खोलीकडे फारशी फिरकले नाही. धाक म्हणा, लाज म्हणा. तिथं दिवसभर गरम पाणी, सोडा आणि बाटल्या घासायचे ब्रश. वाफेतून तिची पाठ दिसायची, तेवढीच. मांडणीवरून त्या बेटाचं सगळं वाण मी पुसून टाकलं.

आणि मग एक रोगतज्ज्ञ आले. मर लागलेल्या ओळीत परत लागवड करायची का, हे बघायला मालकीणबाईंनी त्यांना बोलावलं होतं. हळू बोलणारा, विजारीची पर्वा न करता चिखलात फतकल मारणारा माणूस. मी त्यांना मातृबागेत घेऊन गेले. दोरी बांधून बंद केलेल्या त्या ओळीत, जिथं मर शिरल्यापासून कुणी पाय ठेवायचा नव्हता, तिथं केळी लावलेल्या! मेलेल्या झाडांच्याच खड्ड्यांत. एक सोडून एक. प्रत्येकीच्या बुंध्याला शिंप्याचा दोरा बांधलेला, एकीला लाल, एकीला पांढरा.

"कुणाचा उद्योग हा?" मी ओरडले. माझा ओरडा धुण्याच्या खोलीत ऐकू गेला असणार, कारण मावशी पदराला हात पुसत बाहेर आली.

"माझा."

"तुमचा?"

"क्रेट कुकरात जायच्या आधी आमच्या दारात थांबते ना. त्यातल्या अकरा काढून घेतल्या. चिठ्ठीपण घेतली. ती रोपं खिडकीत प्लॅस्टिकखाली वाढवली. तुम्ही खुजी म्हणून टाकून दिलेली स्वच्छ रोपं होती, तीही अकरा घेतली. लाल दोरा घाणीला, पांढरा दोरा स्वच्छाला. म्हटलं, माझा हात घाण होता की झाडाच्या पोटात काही होतं, ते या मातीलाच सांगू दे." मग थांबून म्हणाली, "ओरडायचं तर ओरडा, पण आधी मोजा."

मोजलं. पांढऱ्या दोऱ्याच्या अकरांपैकी आठ पिवळ्या पडून लोंबत होत्या. लाल दोऱ्याच्या नऊ उभ्या. ठणठणीत. त्यातली एक तर माझ्या खांद्याच्या वर गेलेली, आणि नवं पान सुरळीतून उलगडत होतं. मी त्या पानाकडे बघत राहिले. माझी बाग, माझ्या नाकाखाली, आणि मला पत्ता नाही.

रोगतज्ज्ञ केव्हाच खाली बसले होते. "दोऱ्याची कल्पना कुणाची?"

"कल्पना कसली," मावशी म्हणाली, "घरात दुसरं काय आहे?"

ते पंधरा दिवस आमच्याकडे राहिले. लाल दोऱ्याचं मूळ घेतलं, ब्लीचमध्ये बुडवलं, उकळून निववलेल्या पाण्यानं तीनदा खळबळलं. शेवटचं पाणी एका ताटलीवर ओतलं. धुतलेलं मूळ दुसऱ्या ताटलीवर दाबून उचललं, मी बोटं टेकवायला लावते अगदी तसंच. मग तेच मूळ कापून तिसऱ्या ताटलीवर ठेवलं. मला म्हणाले, "बाई, पहिल्या दोन्हींवर काही उगवलं तर तुम्ही खऱ्या. तिसरीवरच उगवलं तर त्या."

तिसऱ्या दिवशी पहिली ताटली कोरी. दुसरी कोरी. तिसरीवर, कापलेल्या तोंडाशी, ते दुधाळ वलय. तेच. मी ओळखलं ते. सव्वीस वर्षं त्याला घाण म्हणत आले होते.

मग त्यांनी मर रोगाची बुरशी ताटलीच्या मधोमध ठेवली आणि कडेला त्या वलयाचा एक ओरखडा ओढला. मी रोज सकाळी सगळ्यात आधी ती ताटली बघायला जायचे. बुरशी चहूकडे पसरत गेली, ओरखड्याच्या दिशेनेही निघाली, आणि बोटभर अंतरावर थबकली. तिथून पुढे नाही. मधे स्वच्छ पट्टा. खरा स्वच्छ, मी पुसला नव्हता तो! दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच.

"या, बघा," म्हणत त्यांनी मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. मुळाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप. पेशी एकमेकींना लागून, आणि त्यांच्या मधल्या सांदीत, जिथं मला वाटायचं काहीच नसतं, तिथं बारीक बारीक दांडुक्यांसारखे जंतू. जिवंत. इकडून तिकडे सरकत होते. झाडाला काही इजा नव्हती. ते राहत होते तिथं. हे सगळं मी कापलं होतं, उकळलं होतं, बाटल्यांत मांडलं होतं, आणि झाडाच्या आत वस्ती आहे हे मला ठाऊक नव्हतं. मागे मावशी उभी होती. मी उठले, तिला बसवलं. तिनं डोळा लावला आणि हळूच म्हणाली, "अगं बाई! घर भरलेलं आहे की हे."

मी विचारलं, "मग पहिल्या दोन कापण्यांत दिसले का नाहीत?"

"थोडेच असतात," ते म्हणाले, "आणि झाड त्यांना आवरून धरतं. बाटलीत बसून बसून वाढले की डोकं बाहेर काढतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, तुमच्या बाटलीत साखर जास्त आहे." मग त्यांनी बजावलंही: सगळं वलय असं नसतं, हेच जंतू दुसऱ्या मातीत चालतीलच असं नाही, आणि लाल दोऱ्याच्याही दोन गेल्याच. मावशी लगेच म्हणाली, "आणि खरी घाणही असते. मागच्या मांडणीवर आहे, मास्कमधून बोलल्याची."

त्या दिवशी मला आमची शेतकरी गिऱ्हाइकं आठवली, जी वर्षानुवर्षं सांगत आली होती: बाई, तुमची रोपं दिसायला गुटगुटीत, पण मर आली की पहिली तीच जातात. मी त्यांना झापलं होतं. म्हटलं होतं, आमचं रोप आरशासारखं स्वच्छ असतं, तुमची माती घाण. आरशासारखंच होतं हो. आत कुणीच नव्हतं. मी त्यांना रिकामी घरं विकत होते, आणि चोर आला की घरात ओरडायला कुणी नाही. मला फार वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, लाज वाटली.

मावशीला परत कपाटासमोर बसवायचं तर हे चारचौघांत फर्मावून चालणार नव्हतं. मी तिच्या घरी गेले. एकच लांबट खोली, दाराशी शिलाई मशीन, मागे चूल आणि बाज. मावशी पाणी भरायला गेली होती. मास्तर गादीच्या तुकड्याला नाक लावून सुई ओवायची खटपट करत होते.

"तुम्ही ओवताय?" मी विचारलं.

"आता मीच. तिला जमत नाही. दोरा बोटांना अडकतो." मग माझ्याकडे बघून जरा हसले. "डोळे अजून ठेवून जाते. बोटं तुमच्याकडे राहिली."

गादीच्या तुकड्यावर सुयांच्या शेजारी एक कागद टाचलेला होता. माझं अक्षर. घाण. हात: भिंगमावशी. "ती रोज कामावर जायच्या आधी बघते," मास्तर म्हणाले. मला तिथं बसवेना.

मावशी आली. मी म्हटलं, "उद्यापासून कपाटावर या. चूक माझी होती." असं मी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते फार मोठ्यानं निघालं.

ती म्हणाली, "आधी हात तपासा. नियम तुमचाच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत तिनं स्पिरिट चोळलं, आणि कळ आली तशी तिची मान वळली. तेव्हा मी ती बोटं पहिल्यांदा नीट बघितली. सोड्यानं सालपटलेली, पेरापेराला भेगा. तिनं पाची बोटं ताटलीवर टेकवली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी झाकण उघडलं. पाचही ठशांवर ठिपके. पिवळे, पांढरे, एक नारिंगी. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. "ही मात्र घाणच, बाई," ती म्हणाली. "ही बाहेरचीच आहे." तिचे डोळे भरले होते.

मी टेबलावरून एक कोरी चिठ्ठी घेतली, पहिल्या ओळीत लिहिलं 'घाण'. दुसऱ्या ओळीत 'हात', आणि पुढे माझं नाव लिहिलं. फिनेल. ताटलीवर डकवली आणि सगळ्यांना दिसेल अशी वरच्या मांडणीवर ठेवायला निघाले.

"थांबा," मावशी म्हणाली. तिनं चिठ्ठी सोडवून घेतली, सवयीनं उजेडात धरली, वाचली, घडी घालून कनवटीला लावली. "ही मास्तरांच्या गादीवर लावते, त्या दुसरीच्या जागी. महिनाभर हातांना तेल लावते आणि येते परत." दारापर्यंत गेली आणि वळली. "पण एक सांगू का, बाई? अक्षर मात्र फार घाण आहे तुमचं."